टपावरचे ओझे

प्रवासाला निघावयाचे ठरले म्हणजे घरात आठ दिवस आधीपासून धांदल सुरू होते. दशम्या, चिवडा, पाण्याची भांडी, औषधांची पिशवी, धाकट्यांचे उबदार कपडे, ह्यांपैकी प्रत्येक गोष्टीची आठवण कोणी ना कोणी ठेवतोच. खिडकीजवळ कोणी बसावयाचे ह्यावरून मुलांचे तंटेही आधीच होऊन मिटलेले असतात. परंतु जे सामान गाडीत मावत नाही आणि म्हणून टपावर चढते, त्याचा विचार बहुधा अगदी शेवटी, दारात गाडीचा भोंगा वाजू लागल्यावर होतो. कोणी तरी वर चढतो, कोणी तरी खालून दोर फेकतो, दोनचार वेढे पडतात, एक गाठ बसते, आणि ‘झाले, निघा आता’ असे म्हणून मंडळी आत जाऊन बसतात.

ह्या टपावरच्या सामानाचा एक विशेष आहे. हातातील पिशवी आपल्या डोळ्यांपुढे असते. बाकाखालची पेटी पायाला लागत असते. टपावरचे सामान मात्र गाडी सुटल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंत त्याच्या धन्याला एकदाही दिसत नाही. ते दिसते मागून येणाऱ्याला. आणि दुर्दैवाने ते सुटलेच, तर पडते तेही मागून येणाऱ्याच्या वाटेत. ज्याचे सामान त्याला काही इजा नाही, आणि ज्याचा त्या सामानाशी यत्किंचित संबंध नाही त्याच्यावर मात्र संकट, असा हा विलक्षण प्रकार आहे. म्हणूनच ही गोष्ट वरवर हमालाच्या कामाची दिसली तरी शाळेच्या वार्षिकात तिच्याविषयी चार शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही असे मला वाटते.

आमच्या नगर जिल्ह्याला टपावरच्या सामानाची परंपरा जुनी आहे. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली ती नगर आणि पुणे ह्या दोन शहरांच्या दरम्यान. पुढे कित्येक वर्षे बसच्या पाठीमागे लोखंडी शिडी असे आणि टपावर कठडा असे. धान्याची पोती, भाजीच्या पाट्या, सासरी निघालेल्या मुलीची पेटी, बाज, सायकल, काय वाटेल ते त्या टपावरून जाई. त्याहूनही मागे गेलो तर कडब्याने भरलेली बैलगाडी आठवते. माझे वडील अशी गाडी भरीत. पेंढ्या आडव्या-उभ्या रचून झाल्या म्हणजे ते जाड नाडा पुढच्या बाजूस अडकवून गाडीवरून मागे घेत, दोघे जण त्याला लोंबकळत, आणि शेवटी त्यात एक दांडके खुपसून ते पीळ भरीत. ती गाडी ओढ्यातून, चाकोऱ्यांतून डुलत डुलत येई. पण एक पेंढी वाटेत पडली तर वडिलांस तो आपला अपमान वाटे.

मात्र एक गोष्ट येथे ध्यानात ठेविली पाहिजे. बैलगाडीचा वेग माणसाच्या चालीइतका. पेंढी पडली तर मागचा गाडीवान खाली उतरून ती उचलून देई. आज आपण ताशी ८० किलोमीटर वेगाने सहज जातो. नागपूर आणि मुंबई ह्यांना जोडणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरा झाला, त्यावर तर लहान मोटारींस ताशी १२० किलोमीटरांची मुभा आहे. वेग इतका वाढला, पण बांधण्याची रीत पुष्कळ घरी अजून बैलगाडीचीच राहिली आहे. किंबहुना तीही राहिली नाही. कारण वडिलांच्या नाड्याला जो पीळ होता, तो आज घाईने मारलेल्या सुतळीच्या वेढ्यांत कोठे दिसतो?

काही वर्षांपूर्वी मी पुण्याहून नगरला बसने येत होतो. बसच्या पुढे एक दुचाकी होती; तिच्यावर एक तरुण आणि मागे त्याची वृद्ध आई. त्यांच्या पुढे एक जीप चालली होती आणि तिच्या टपावर दोन कापसाच्या गाद्या गुंडाळून बांधल्या होत्या. मी अगदी पुढच्या बाकावर असल्यामुळे सर्व स्पष्ट दिसत होते. प्रथम वरच्या गादीचे पुढचे टोक थोडे उचलले गेले आणि खाली बसले. पुन्हा उचलले गेले. तिसऱ्या वेळी ती गादी एखाद्या पानासारखी हवेत उभी राहिली आणि रस्त्यावर आली. तरुणाने दुचाकी वळविण्याचा प्रयत्न केला, ती घसरली. आमच्या बसच्या चालकाने मोठ्या शिताफीने गाडी थांबविली, म्हणून त्याहून भयंकर असे काही घडले नाही. तरुणाला खरचटले, त्याच्या आईचे मात्र खुब्याचे हाड मोडले. त्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांस सांगावयास नको.

जीपचा मालक भला माणूस होता. तो धावत मागे आला, त्याने त्या माउलीला सावलीत नेले, तिला दवाखान्यात पोचविण्याची व्यवस्था केली. पण तो पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत होता, “अहो, बांधली होती हो! चांगली दोन ठिकाणी बांधली होती!” त्याचे हे म्हणणे खोटे नव्हते. मी जीपजवळ जाऊन पाहिले तो दोर टपावर जसाच्या तसा होता. तो तुटला नव्हता. त्याच्या दोन्ही निरगाठी इतक्या पक्क्या होत्या की, नखाने सुटल्या नसत्या. गाठ टिकली होती आणि गादी गेली होती!

ह्या गोष्टीने मला पुष्कळ दिवस विचारात पाडले. शाळेत मी विज्ञान शिकवितो. तेव्हा त्याची उपपत्ती लावणे मला कठीण नव्हते. कापसाची गादी दबते. घरून निघताना जो दोर तिच्यावर ताठ बसला होता, तो रस्त्यावरील धक्क्यांनी गादी दबल्यावर सैल झाला. सैल दोराखाली वारा शिरला. वाऱ्याने टोक उचलले, तसा आणखी वारा शिरला, आणि गादी दोराच्या वेढ्यातून निसटली. म्हणजे गाठ मारणे आणि सामान बांधणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हाताने होते. दुसरीला विचार लागतो.

हा केवळ आपल्याकडचा दोष आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत घराच्या सर्व सोयी असलेल्या मोठमोठ्या सहलीच्या मोटारी असतात. त्यांत बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी असे सर्व असते, आणि एवढे असूनही जे उरते ते, म्हणजे सायकली, लहान होड्या, पेट्या, टपावर चढते. तेथील एएए फाउंडेशन फॉर ट्रॅफिक सेफ्टी ह्या संस्थेने २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ ते २०१४ ह्या चार वर्षांत रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे त्या देशात २ लाखांहून अधिक अपघात झाले, सुमारे ३९ हजार माणसे जखमी झाली आणि ५०० हून अधिक प्राणांस मुकली, असे त्यात नमूद आहे. ह्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांचे कारण चालत्या वाहनातून निखळलेले भाग किंवा नीट न बांधलेले सामान हे होते. त्या देशातील वॉशिंग्टन राज्यात २००४ साली एका वाहनावरून उडालेल्या फळीमुळे मागून येणाऱ्या एका तरुणीची दृष्टी कायमची गेली. त्यानंतर तिच्या आईने नेट धरला, आणि २००५ साली त्या राज्याने कायदा करून, सामान नीट न बांधल्यामुळे कोणास इजा झाली तर तो फौजदारी गुन्हा ठरविला. आपल्या देशातही २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, वाहनावरील माल बाजूंस, पुढे किंवा मागे बाहेर आल्यास अथवा ठरलेल्या उंचीपलीकडे गेल्यास २० हजार रुपये दंड सांगितला आहे. परंतु दंडाच्या भीतीने बांधलेला दोर नाक्यापुरताच ताठ असतो. त्याच्या पुढच्या रस्त्यासाठी माणसाला दुसरे काही तरी लागते.

ते दुसरे काही तरी मला गेल्या हिवाळ्यात पाहावयास मिळाले. आमच्या नववीच्या वर्गाची सहल वसईस जावयाची होती. किल्ला आणि समुद्र पाहावयाचा, व दोन रात्री तेथील एका शाळेच्या आवारात तंबू ठोकून राहावयाचे, असा बेत होता. १४ विद्यार्थी, आम्ही दोघे शिक्षक, आणि एक भाड्याची प्रवासी गाडी. तिचे चालक साठीकडे झुकलेले, मितभाषी गृहस्थ होते. मुले त्यांना पहिल्या दिवसापासून मामा म्हणू लागली. मामांनी निघावयाच्या आदल्या संध्याकाळीच गाडी शाळेत आणून उभी केली. मी विचारले, “मामा, सकाळी सहाला निघावयाचे, मग आज कशाला तसदी घेतलीत?” ते म्हणाले, “सर, अंधारात आणि घाईत दोर बांधू नये. उद्या फक्त बघायचं, बांधायचं आज.”

सर्वांत आधी त्यांनी वसतिगृहाच्या कोठीतील काटा मागविला. मुलांस मोठी मौज वाटली. ४ तंबू प्रत्येकी ९ किलोंचे, म्हणजे ३६ किलो. १६ वळकट्या प्रत्येकी ३ किलोंच्या, म्हणजे ४८ किलो. ताडपत्री आणि दोर मिळून ६ किलो. एकूण ९० किलो. मामांचा स्वतःचा दंडक असा की, टपावर १०० किलोंच्या वर चढवावयाचे नाही. पालकांनी येथे एवढे लक्षात घ्यावे की, घरच्या लहान मोटारींची मर्यादा बहुधा ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते. ती गाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तकात दिलेली असते, आणि टपावर बसविलेल्या कठड्याचे वजनही तीतच धरावयाचे असते. तांदळाचे पोते आणि स्वयंपाकाची दोन मोठी पातेली मामांनी खाली, बाकांच्या मध्ये ठेवविली. जड वस्तू उंच ठेविली म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि वळणावर ती कलंडण्याचा संभव वाढतो, हा धडा मी वर्गात फळ्यावर अनेकदा काढला होता. मामांनी तो एकही रेघ न काढता शिकविला. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी मुलांनी उचलून आणली, तेव्हा मात्र त्यांनी स्पष्ट नकार दिला. “ही ना वर, ना आत. माणसं बसलेल्या गाडीत हिचं काम नाही. तिकडे वसईत बघा.” आणि आम्ही तेथे दूरध्वनी करून तशी व्यवस्था केली.

सामान रचून झाले. मग मामांनी एका मुलास विचारले, “पोरा, दोर कशासाठी बांधायचा?” तो म्हणाला, “सामान खाली पडू नये म्हणून.” मामा हसले. “खाली पडायला ते काय कडेला ठेवलंय? ते पुढं पळतं, बाजूला पळतं, आणि वर उडतं. तिन्हीकडून धरलं तर धरलं.” मला राहवले नाही. मी मुलांस तेथेच अंगणात न्यूटनचा पहिला नियम विचारला. १६८७ साली न्यूटनने आपल्या ग्रंथात सांगितले की, बाहेरून जोर लागल्याशिवाय गतिमान वस्तू आपली गती सोडीत नाही. गाडी थांबते ती तिच्या चाकांना रोध बसतो म्हणून. वळकटीला कोण रोधणार? केवळ दोर. सामान बांधण्याविषयी युरोपात जे मानक आहे, त्यात पुढच्या दिशेने सामानाच्या वजनाच्या आठ दशांश जोर धरावा, आणि बाजूंस व मागे निम्मा, असे सांगितले आहे. आमच्या ९० किलोंचा हिशेब मुलांनी लगेच केला : पुढे ७२ किलोंचा ओढा, बाजूंस ४५ किलोंचा.

तिसरा शत्रू वारा. त्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. १ चौरस मीटर सपाट पृष्ठभाग समोरून वाऱ्याला दिला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला त्यावर सुमारे ९ किलोंचा जोर पडतो, आणि ताशी ८० किलोमीटरला सुमारे ३५ किलोंचा. गल्लीतून निघताना जी गादी निमूट बसलेली असते, तीच महामार्गावर उभी का राहते, हे ह्यावरून समजेल.

आता दोराविषयी. मामांजवळ पट्टे होते आणि दोरही होते. रुंद विणीचे, खटक्याने आवळावयाचे पट्टे त्यांनी तंबूंवरून घेतले. हे पट्टे ताणाने फारसे लांबत नाहीत. दोर त्यांनी वळकट्यांना वापरला. त्यांची गाठ मी जवळून पाहिली. दोराचे एक टोक कठड्याला पक्के करून ते सामानावरून पलीकडे नेत. वाटेत दोरालाच एक लहान फेरा घालून त्याचे कडे करीत. दोर खालच्या आकड्यातून घेऊन पुन्हा त्या कड्यातून ओढीत, आणि मग अंगाचा भार देऊन आवळीत. ही एक प्रकारची कप्पीच होय. गणिताने पाहिले तर तिने हाताचा जोर तिप्पट होतो. दोर दोरावर घासत असल्यामुळे प्रत्यक्षात तितका होत नाही, तरी नुसत्या ओढण्यापेक्षा पुष्कळच अधिक होतो. शेवटी ते जी गाठ मारीत ती सुरगाठ. एका मुलाने शंका काढली, “मामा, निरगाठ नको का? ही सुटेल ना!” मामा म्हणाले, “ताण दोराच्या फेऱ्यात आहे, गाठीत नाही. निरगाठ मारली तर वाटेत पुन्हा आवळायची कशी? जी गाठ सोडता येत नाही, ती माणूस परत आवळत नाही.” मला त्या जीपवरील दोन पक्क्या निरगाठी आठवल्या.

लवचीक रबरी दोर त्यांनी एकही घेतला नाही. तो ताणला जातो, म्हणजे धक्का बसला की सामानाला वाट करून देतो, आणि सुटला तर त्याचा आकडा डोळ्यावर येतो. ताडपत्री घालताना त्यांनी पुढचे पान मागच्या पानावर चढविले. कौले जशी पावसाला बोट शिरू देत नाहीत, तशी ही रचना वाऱ्याला शिरू देत नाही. पट्ट्याला त्यांनी कठड्याशी जाण्यापूर्वी एक पीळ दिला. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, गुणगुणतो आणि कडेने झिजतो. एका पिळाने तो गप्प होतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण हटवादी माणसासाठी वापरतो. परंतु पिळाचे काही उपयोग चांगलेही आहेत!

सर्व झाल्यावर मामांनी परीक्षा घेतली. त्यांनी एका मुलास शिडीवर चढवून सांगितले, “वळकटी धर आणि हिसका दे. वळकटी एकटी हलली तर बांधलेली नाही. सगळी गाडी हलली तर बांधलेली आहे.” मुलाने हिसका दिला आणि गाडी स्प्रिंगांवर किंचित डोलली. मुलांनी टाळ्या पिटल्या. एका हुशार मुलीने टपासह गाडीची उंची मोजून ती कागदावर लिहिली आणि चालकाच्या समोर चिकटविली. रेल्वेखालच्या बुटक्या मोऱ्या आणि पेट्रोल पंपाचे छत ह्यांच्याशी गाठ पडली म्हणजे हा कागद फार उपयोगी पडतो.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी आम्ही निघालो. शहराबाहेर पडून साधारण १५ किलोमीटर गेलो असू, तोच मामांनी गाडी कडेला घेतली. मुलांस वाटले चहा आला. मामा शिडी चढून गेले आणि खाली येऊन म्हणाले, “दोन बोटं सैल झालाय.” वळकट्या दबल्या होत्या, जी कापसाची गत झाली होती तीच येथे होऊ पाहत होती. सुरगाठ ओढून सोडली, दोर पुन्हा आवळला, आणि दोन मिनिटांत आम्ही मार्गस्थ झालो. पहिल्या टप्प्यावर दोर तपासण्याची ही रीत जगभर आहे. अमेरिकेतील मालमोटारींच्या चालकांस पहिल्या ५० मैलांच्या आत सामान तपासण्याचा नियमच आहे. पाऊस लागला तर अधिकच जपावे लागते. सुताचा व अंबाडीचा दोर भिजला की आखडतो आणि वाळला की सैल होतो; नायलॉनचा दोर भिजला की लांबतो.

टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर अशी गावे मागे पडली. पिंपळगाव जोग्याच्या जलाशयावरून येणारा वारा गाडीला बाजूने ढकलू लागला. माळशेजच्या वळणांवर आत बसलेली मुले एकमेकांवर कलत होती. घाट उतरून आम्ही कोकणात आलो. मी शेवटच्या बाकावर होतो. मागच्या काचेतून एक दुचाकी बराच वेळ दिसत होती. पुढे नवरा, मागे बायको, आणि दोघांच्या मध्ये चारपाच वर्षांचे एक मूल. मुरबाडच्या अलीकडे एका वळणावर एकाएकी वासरू रस्त्यात आले. मामांनी करकचून गाडी रोधली. आतल्या पाण्याच्या बाटल्या पुढे गडगडत गेल्या, एका मुलाचा डबा उघडून चिवडा सगळीकडे पसरला, कोणाचे कपाळ पुढच्या बाकावर आपटले. मी मागे पाहिले. दुचाकीवाल्याने वेळीच वेग आवरला होता. तो आमच्या बाजूने सावकाश पुढे निघून गेला. जाताना त्या मुलाने आमच्या मुलांस हात केला. टपावर एक वळकटीही जागची हलली नव्हती.

तेथे काहीच घडले नाही, हीच त्या प्रवासातली सर्वांत मोठी घटना होती. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा दुचाकीस्वार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे येतो. ९ किलोंचा तंबू त्याच्या समोर आला असता तर त्याला विचार करावयासही अवधी मिळाला नसता. त्या कुटुंबास मामांचे नाव ठाऊक नाही. आदल्या संध्याकाळी कोणी तरी आपल्यासाठी दीड तास दोर आवळीत होता, हेही त्यांस ठाऊक नाही. आपण काळजी घेतली म्हणून कोणाचे काय वाचले, हे आपणास बहुधा कधीच कळत नाही, आणि ज्याचे वाचले त्यालाही कळत नाही. मुरबाडला चहा पिताना मी मामांस म्हटले, “मामा, तुमचा दोर आज कामी आला.” ते म्हणाले, “सर, आपल्यासाठी कोण बांधतो? आपण तर पुढं असतो. दोर पाठीमागच्यासाठी असतो.”

सहलीहून परत आल्यावर मुलांनी आपण होऊन एक काम केले. शाळेच्या भांडारातील सर्व दोर बाहेर काढले, उन्हाने व घासाने जे कुजले होते ते बाजूला केले, आणि उरलेले नीट वेटाळी करून खुंट्यांवर टांगले. नायलॉनच्या दोराचे टोक उसवू नये म्हणून ते आचेवर धरून वितळवावे, आणि सुताच्या दोराचे टोक बारीक दोऱ्याने बांधून घ्यावे, हेही ती मामांकडून शिकून आली होती. ज्या मुलास वर्गात गतीचे नियम कधी नीट सांगता येत नसत, तो आता सुरगाठ डोळे मिटून मारतो आणि ती का सुटत नाही हे धाकट्यांना समजावून सांगतो.

वार्षिक परीक्षा संपल्या म्हणजे मे महिन्याची सुट्टी लागेल. कोणी आजोळी जाल, कोणी लग्नाला, कोणी समुद्रावर. पालकांस माझी विनंती आहे की, टपावरचे सामान आदल्या दिवशी उजेडात बांधावे, वजन करून चढवावे, आणि ते बांधताना मुलांस जवळ उभे करावे. हा धडा पुस्तकातून शिकविता येत नाही. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही गाडीत बसण्यापूर्वी एकदा शिडीवर चढा, वळकटीला हिसका द्या, आणि गाडी हलते की नाही ते पाहा. पहिल्या १५ किलोमीटरांवर वडिलांना गाडी थांबवावयास सांगा. ते कुरकुरले तर त्यांना मामांची गोष्ट सांगा. तोपर्यंत दोन बोटे दोर सैल झालेला असेल.